नवसागर, चुना आणि दोन क्लाउन : दोन फुटी रीफ टाकीचे पहिले आठ महिने

घरात रीफ टाकी, म्हणजे प्रवाळ आणि माशांची खाऱ्या पाण्याची टाकी, करायची म्हणून नोव्हेंबरात दगड ओतले आणि मासे आले जूनच्या शेवटच्या रविवारी. मधल्या काळात आमच्या हॉलमध्ये काय चाललंय ते आई येणाऱ्या-जाणाऱ्याला एका वाक्यात सांगायची : "मिठाच्या पाण्यात सिमेंट भिजत घातलंय." खोटं काही नव्हतं त्यात.

गोड्या पाण्याच्या टाक्या मी आठ वर्षं सांभाळतोय. खारं पाणी पहिल्यांदाच. टाकी दोन फूट बाय सव्वा बाय सव्वा, काच आठ मिलिमीटर. कागदावर ८८ लिटर, पण वरची मोकळी जागा, दगड आणि वाळू वजा जाता खरं पाणी साधारण ७० लिटर. पुढे जे काही आकडे येतील ते या ७० लिटरचे. मागे लटकणारा फिल्टर, एक वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप), एक एलईडी. सम्प (खालची फिल्टरची वेगळी टाकी) नाही, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) नाही. इतक्या पाण्याला दर रविवारी सात लिटर बदललं की स्किमरचं काम भागतं, असं माझं मत आहे आणि अजून तरी ते बदलायची वेळ आलेली नाही.

एक अट मात्र आधीच ठरवली होती : समुद्रातून उचललेलं काहीही टाकीत आणायचं नाही. मागे एकदा मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटापाशी स्नॉर्कलिंग केलं होतं. तो सगळा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. पाणी गढूळ होतं, पण खाली प्रवाळ दिसलं, आणि पाय टेकू नका म्हणून होडीवाला सारखा ओरडत होता. महिन्याभराने मुंबईतल्या एका दुकानात तसाच दगड काउंटरखालून बाहेर आला. "लाइव्ह रॉक (समुद्रातला जिवंत जीवांसकट दगड) आहे, किलोवर देतो." त्याच दुकानात मागच्या टाकीत समुद्री घोडा होता. कठीण प्रवाळं, गोर्गोनियन (पंख्यासारखी प्रवाळं), समुद्री घोडे हे सगळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. प्रवाळ मेलेलं असलं, नुसता सांगाडा उरला असला, तरी कायद्याला फरक पडत नाही. त्यामुळे परदेशी व्हिडिओंमध्ये दिसतात तसे अ‍ॅक्रोपोरा, हॅमर, टॉर्च वगैरे कठीण प्रवाळं माझ्या यादीतून पहिल्याच दिवशी कटाप. उरले ते झोआ आणि मश्रूम (दोन्ही सांगाडा नसलेले, प्रवाळांचे नातलग) आणि मऊ प्रवाळं. दोन फुटी टाकीला ते पुरून उरतात.

दगड

मग दगड घरीच ओतायचे ठरवले. पांढरं सिमेंट एक भाग, शिंपल्यांचा चुरा दोन भाग, जाडं खडेमीठ दोन भाग. शिंपल्यांचा चुरा म्हणजे कोंबड्यांच्या खाद्यात मिसळतात तोच. पोल्ट्रीच्या खाद्याच्या दुकानात स्वस्तात मिळतो, फक्त चाळून आणि धुऊन घ्यावा लागतो. मीठ घालायचं ते पुढे पाण्यात विरघळून जातं आणि त्या जागी भोकं राहतात म्हणून. बॅक्टेरियांना राहायला घरं तीच.

पहिला घाणा फुकट गेला. भोकं जास्त हवीत म्हणून मीठ तीन भाग घातलं होतं. पाचव्या दिवशी दगड उचलला तर खालचा अर्धा हातात आणि वरचा टबात. दुसऱ्या घाण्याला मीठ दोनच भाग, मळणी कोरडी, मूठ आवळली तर गोळा टिकेल इतपतच पाणी. टबात ओली वाळू पसरून त्यात हातानेच खड्डे केले आणि मिश्रण नुसतं टाकलं, थापलं नाही. थापलं की इडली होते. दोन कमानी आणि एक सपाट शेल्फ असे तीन तुकडे जमले, मिळून नऊ किलो.

त्यानंतर सात आठवडे ते बाथरूममधल्या ड्रममध्ये. नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरत राहतो आणि पीएच चढवतो. पहिल्या आठवड्यात माझी पट्टी बाराच्या आसपास गेली होती. दर तीन दिवसांनी पाणी बदललं, तिसऱ्या आठवड्यापासून त्यात वाटीभर व्हिनेगर घातलं. पाणी तीन दिवस तसंच ठेवूनही पीएच ८.४ च्या वर जाईना, तेव्हा दगड तयार झाले असं मानलं. ही घाई कुणी करू नका. बाकीच्या बऱ्याच चुका सुधारता येतात, ही टाकी भरल्यावर सुधारत नाही.

पाणी आणि मीठ

स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी चालेल असं मला वाटत होतं. नळाचं टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ८०, आरओचं ४५. म्हटलं, यंत्र बिघडलंय. बिघडलेलं नव्हतं, पिण्याच्या आरओत चव यावी म्हणून थोडं मूळ पाणी परत मिसळणारा एक स्क्रू असतो. शेवटी वेगळा छोटा आरओ घेतला आणि त्यापुढे उरलेले क्षार शोषणारी डीआय रेझिनची नळी लावली. आता मीटर शून्य दाखवतो. एका लिटरमागे तीन लिटर पाणी वाया जातं, ते लादी पुसायला आणि संडासाला. यावर घरात तह झालेला आहे.

खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून प्रकाश किती वाकतो ते बघणारी दुर्बिणीसारखी नळी) घेतला, सेकंडहँड. शुद्ध पाण्यावर शून्य लावला आणि निर्धास्त झालो. पाण्याची घनता १.०२५, म्हणजे समुद्राच्या आसपास, दाखवत होतं. मुलुंडचा एक मित्र आपला रिफ्रॅक्टोमीटर घेऊन आला, तर त्याच्यावर १.०२९! शून्यावर बरोबर असलेलं यंत्र समुद्राच्या आकड्यापाशी चुकू शकतं, हे तेव्हा कळलं. घरगुती उपाय असा : साधं मीठ ३६.५ ग्रॅम आणि शुद्ध पाणी ९६३.५ ग्रॅम. या द्रावणातून प्रकाश जितका वाकतो तितकाच ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग क्षार) समुद्राच्या पाण्यातून वाकतो. सोनाराकडे असतो तसला छोटा काटा ऑनलाइन मिळतो, त्यावर मीठ तोललं, थेंब काचेवर टाकला आणि स्क्रू फिरवून रेघ ३५ वर आणली. आता महिन्यातून एकदा हे करतो. शून्य बघायचं सोडून दिलंय.

बरेच जण विचारतात, समुद्र तर शेजारी आहे, पाणी का आणत नाहीस? शेजारी आहे म्हणूनच. किनाऱ्यालगतच्या पाण्यात आपल्या महानगराचं काय काय सोडलेलं असतं ते आपण जाणतोच, आणि पावसाळ्यात खारेपणाही घसरतो.

नवसागर

टाकी भरली २० जानेवारीला. मीठ अडीच किलोच्या थोडं वर लागलं. कोरडे दगड, कोरडी वाळू, म्हणजे आत जिवंत काही नाही. अमोनिया खाऊन त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे बाटलीतले बॅक्टेरिया घातले आणि त्यांच्या जेवणासाठी अमोनियम क्लोराइड. म्हणजे आपला नवसागर. कल्हईवाला तापल्या भांड्यात चिमूट टाकायचा आणि पांढरा धूर उठायचा, तोच. फक्त बाजारातल्या नवसागरात धातूंची भेसळ असू शकते म्हणून प्रयोगशाळेच्या रसायनांच्या दुकानातून शुद्ध आणला. ७० लिटरला अर्धा ग्रॅम टाकला की अमोनिया दोन पीपीएमच्या (दहा लाखात दोन भाग) जरा वर जातो. दुकानदाराने विचारलं किती देऊ, म्हटलं शंभर ग्रॅम पुरे. तो हसला नाही. मीच हसलो, कारण एवढा माझ्या नातवंडांना पुरेल.

पहिले अकरा दिवस अमोनियाच्या चाचणीच्या नळीतला हिरवा रंग हलला नाही. बाराव्या दिवशी किंचित पिवळा. एकोणिसाव्या दिवशी अमोनिया शून्य, नायट्राइट मात्र जांभळा. चौतिसाव्या दिवशी तोही गेला. परत अर्धा ग्रॅम टाकला आणि चोवीस तासांत दोन्ही शून्य. वहीत त्या दिवशी फक्त "झालं" एवढं लिहिलंय.

त्यानंतर आली घाण. आधी तपकिरी डायटम (सूक्ष्म शेवाळ), वाळूवर कोको पावडर सांडावी तसे. मार्चअखेरीस ते आपोआप ओसरले आणि हिरवं केसाळ शेवाळ आलं. शेवाळ बोटाने उपटलं, दिवे आठ तासांवरून सहावर आणले. गोगलगाई हव्याच होत्या, पण दुकानातल्या बहुतेक समुद्रातून पकडलेल्या. मित्राच्या टाकीत स्टोमाटेला आपोआप पैदास होतात, त्याने सात दिल्या. चपट्या कानासारखा शंख, दिवसा दगडाखाली, रात्री अकरानंतर टॉर्च मारली की काचेवर. आता मोजायच्या सोडल्यात.

उन्हाळा

एप्रिलमध्ये पाणी ३१ अंश. चिलरची किंमत टाकीच्या सगळ्या खर्चाहून जास्त, म्हणून कॉम्प्युटरचे दोन बारा व्होल्टचे पंखे पाण्यावर तिरके लावले. पाणी २७.५ वर आलं. पण वाफ दिवसाला दीड लिटर! वाफेबरोबर मीठ जात नाही, तेव्हा भर घालायची ती शुद्ध पाण्याची. एकदा दोन दिवस गावाला गेलो आणि शेजारच्या काकांनी मायेने तयार खारं पाणी ओतलं. चूक माझी, दोन्ही कॅन एकाच रंगाचे होते. आता निळा कॅन खारा, पांढरा गोडा, आणि आपोआप भर घालणारा फ्लोटही बसवलाय.

जूनने शिकवलेली गोष्ट एप्रिलमध्ये सुचली नव्हती. हवेत दमटपणा आला की वाफ होत नाही, आणि वाफ झाली नाही की पंखा नुसता फिरतो. बाहेर पाऊस, हवा गार, तरी पाणी २९.५. दुपारी तीन तास एसी ड्राय मोडवर ठेवला की पंखे पुन्हा काम करू लागतात. देखभालीच्या नावाखाली शुक्रवारी वीज जाते त्यासाठी बॅटरीवरचा एअर पंप टाकीमागे टांगलेला आहे.

झोआ, आणि चुना

मेच्या सुरुवातीला मित्राच्या टाकीतून झोआंचे दोन तुकडे, एक तांबडा मश्रूम आणि सिन्युलारिया या मऊ प्रवाळाची एक फांदी आली. झोआ कापताना आम्ही दोघांनी हातमोजे आणि चष्मे घातले होते. काही झोआंमध्ये पॅलिटॉक्सिन असतं, ते भयंकर विष आहे. झोआ असलेला दगड उकळत्या पाण्यात घालून साफ करायची अक्कल कुणी लढवू नका, वाफेतूनही बाधा होते.

याच झोआंचे भाऊबंद आपल्या मुंबईच्या खडकांवर आहेत. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला हाजी अलीला गेलात तर खडकावर गालिचेच्या गालिचे दिसतात. कोस्टल रोडसाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीची प्रवाळं उचलून दुसरीकडे बसवावी लागली, तेव्हा कुठे लोकांना कळलं की आपल्याकडे प्रवाळ आहे. तिथे जरूर जा, गुडघ्यावर बसून बघा, रिकाम्या हाताने परत या.

तुकडे डिपमध्ये (कीड मारायच्या द्रावणात) बुडवून, ब्रशने घासून घेतले होते. तरी तीन आठवड्यांनी एका प्लगच्या (तुकडा चिकटवलेल्या चकतीच्या) कडेला एक इवलंसं पारदर्शक नारळाचं झाड उभं. ऐप्टेशिया, म्हणजे टाकीभर पसरणारं उपद्रवी अ‍ॅनिमोन (समुद्रफूल)! चिमटा लावला की दगडात गडप, आणि फाटलं तर प्रत्येक तुकड्याचं नवं झाड. यावर इलाज चुन्याचा. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे पानाला लावतो त्या चुन्याचा स्वच्छ धुतलेला भाऊ, थेंबभर शुद्ध पाण्यात कालवून दह्याइतकं घट्ट केलं आणि सुई काढलेल्या सिरिंजमध्ये भरलं. वेव्हमेकर आणि फिल्टर बंद. सिरिंजचं तोंड हळूहळू जवळ नेलं, तंतूंना लागेल न लागेल इतकं, आणि अलगद दाबलं. पांढरा गोळा त्याच्या तोंडावर बसला, ते आत ओढलं गेलं, वर अजून थोडा चुना. वीस मिनिटं थांबून उरलेला चुना नळीने ओढून काढला. चुन्याने पीएच चढतो, म्हणून एका दिवशी दोनाहून जास्त नाही. एकूण पाच मारले. सहावं फिल्टरच्या आत आहे असा संशय आहे.

मासे

क्लाउन, म्हणजे नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे, आता आपल्याकडे पैदास होतात. केरळात विळिंजमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ते करून दाखवलं त्याला बरीच वर्षं झाली, आणि आपल्या ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातही क्लाउन वाढवतात. माझी ऑसेलॅरिस जातीच्या क्लाउनची जोडीही टाकीत जन्मलेली, मे संपताना घेतली. पिशवीतलं पाणी १.०१९ निघालं, परजीवी कमी व्हावेत म्हणून बरेच दुकानदार खारेपणा खालीच ठेवतात. एकदम १.०२५ मध्ये सोडलं असतं तर आटोपलंच असतं. तीस लिटरच्या टबात चार आठवडे वेगळे ठेवले, तिथेच रोज थोडा खारेपणा वाढवत नेला.

"आमच्याकडचा सुकट घालू का?" आईने विचारलं. तो खारवलेला, वाळवलेला असतो म्हणून नाही म्हटलं. मग ती बारीक गोळ्या मोजून घालू लागली : सकाळी सहा, संध्याकाळी सहा. बाजारातून बांगडे घेऊन आली की पिशवी ओट्यावर ठेवायच्या आधी टाकीशी जाऊन उभी राहते.

दोघांत एक नखभर मोठा आहे. क्लाउन आधी सगळे नरच असतात, मोठा होतो तो मादी बनतो. गेल्या आठवड्यापासून धाकटा मोठ्यासमोर आडवा होऊन अंगभर थरथरतो, म्हणजे मालकीण कोण ते ठरलेलं दिसतंय. अ‍ॅनिमोन नसल्यामुळे दोघं रात्री हीटरला टेकून झोपतात. हीटर जानेवारीपासून बंद आहे, पण त्यांच्यासाठी तो तिथेच ठेवलाय.

नायट्रेट सध्या ८, अल्कलिनिटी (पाण्याची पीएच टिकवायची ताकद) ८.३. डाव्या कमानीवर, झोआंच्या प्लगपासून बोटभर अंतरावर, मसुराएवढा एक जांभळा ठिपका आलाय. घासून बघितला, निघत नाही. कोरलाइन (दगडावर चढणारं कठीण जांभळं शेवाळ) असावं. माझ्या सिमेंटवर!