चांगभलं म्हणता येईल एवढाच स्पीड

पहिल्या खेट्याला मी वडणग्याच्या पुढं एका बंद टपरीच्या फळीवर बसून रडलो. हो, बाईच आहे मी, वय 44, पण आम्ही कोल्हापूरच्या बायका घरात गल्लीत 'आलो, गेलो, जेवलो' असंच बोलतो, माझ्या लग्नाला एकवीस वर्षं झाली तरी पुण्याच्या नणंदेला ते पचलेलं नाही. इथं पण तसंच लिहिणार, सवय करून घ्या.

खेटे म्हंजे काय ते बाहेरच्यांसाठी सांगतो. माघात सुरू होतात, सलग पाच रविवार कोल्हापुरातनं जोतिबाच्या डोंगरावर चालत जायचं. आख्यायिका अशी की केदारनाथ, म्हंजेच आपला जोतिबा, दक्षिणेतलं काम आटपून परत हिमालयात निघाले, तेव्हा करवीरची अंबाबाई त्यांना थांबवायला अनवाणी चालत वाडी रत्नागिरीला, म्हंजे या डोंगरावरच्या गावाला, गेली. म्हणून आपण पण चालत जायचं, जमलं तर अनवाणी. पंचगंगा घाटावर पाय धुवायचे, शिवाजी पूल ओलांडायचा, वडणगे, निगवे, कुशिरे आणि मग गायमुखावरनं वर. पंधरा-सोळा किलोमीटर धरा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण 1800 फुटांवर आणि डोंगर 3100 च्या आसपास, म्हंजे चढ काय लई नाही, पण तो सगळा शेवटाला साठवून ठेवलाय देवानं.

आता मी का गेलो. नवस बिवस काही नव्हता. झालं असं की मागच्या वर्षी मी एका जिममध्ये नाव घातलं. तिथं भिंतीवर एक पांढरा बोर्ड होता, त्यावर सगळ्यांची नावं, वजन आणि पुढं टार्गेट, मार्करनं लिहिलेलं. माझ्या नावापुढं 81. येणाराजाणारा वाचायचा. ट्रेनर पोरगा माझ्या पोरीपेक्षा चार वर्षांनी मोठा असेल, तो म्हणायचा मॅडम काल काय खाल्लं, खरं सांगा, आणि मी शाळेतल्यासारखं खाली मान घालून 'मिसळ' म्हणायचो. मग वीस स्क्वॉट जास्तीचे. दोन महिन्यांत सोडलं, पण तो बोर्ड डोक्यात राहिला तो राहिलाच. नंतर रंकाळ्याला चालायला जायचो तरी मनात हिशोब तोच, आज दोन पोळ्या जास्त झाल्या म्हंजे एक राऊंड जास्त. व्यायाम म्हंजे केल्या पापाची फेड. असं कोण किती दिवस करणार?

तर आमच्या पतसंस्थेतली तीन-चार तरुण पोरं दरवर्षी खेटे करतात, त्यातला एक मॅरेथॉनवाला. म्हणाले मॅडम येतासा काय. मी म्हटलं येतो की. आणि हट्टानं अनवाणी, कारण सासूबाईंनी आयुष्यभर अनवाणीच केले, मग मी काय कमी आहे?

पहाटे चारला गंगावेशीतनं निघालो. पोरं बोलत बोलत चालतात पण पाय कसले उचलतात! मी त्यांच्या मागं अर्धी पळत, अर्धी चालत. अंधार, घड्याळ सारखं हातावर थरथरतंय, हार्ट रेट अमुक स्टेप्स तमुक, आणि डोक्यात एकच टेप वाजतीय, 'चल म्हशे चल, खाताना कळत नव्हतं?' हे मी मलाच म्हणत होतो बरं का. वडणग्यात पोरं दिसेनाशी झाली. डाव्या टाचेला फोड आला, तो फुटला, त्यात खडी. सहा किलोमीटर पण झाले नव्हते. बसलो टपरीवर. दिराच्या पोराला फोन केला, तो गाडी घेऊन आला, बिचारा काही बोलला नाही. गाडीवरनं वर जाताना चालणाऱ्या बायकांकडं बघवेना म्हणून मी पदरानं तोंड झाकून घेतलं, थंडी वाजतीय असं दाखवून. दर्शन झालं पण चोरून घेतल्यासारखं.

सोमवारी काउंटरला बसलो होतो. एक थकबाकीदार आले, सात हप्ते तुंबलेले. आमचे साहेब उठून म्हणाले या, बसा, चहा घ्या, कसं जमवायचं बघूया. मी टाचेला पट्टी लावून ऐकतोय आणि मला खुदकन हसूच आलं. सात हप्ते बुडवलेल्या माणसाला आम्ही चहा विचारतो आणि मी माझ्या गुडघ्यांना काल काय विचारलं? नोटीस नाही, मुदत नाही, डायरेक्ट जप्ती. ज्या पायांनी वीस वर्षं तीन जिने चढून पाणी नेलं, दोन बाळंतपणं काढली, त्यांच्याशी बोलायची ही पद्धत?

त्या आठवड्यात ठरवलं की खेटे करायचेच, पण हप्ते बांधून. दुसऱ्या रविवारी कुशिऱ्यापर्यंत चालायचं, पुढं मिळेल त्या वडापनं, म्हंजे शेअर गाडीनं, वर. पायात रोजचे सँडल. सासूबाईंना हे अजिबात पटलं नाही. "खेटा म्हंजे पुरा खेटा, आणि पायात काही न घालता. नायतर फिरायला जातो म्हण की." त्या त्यांच्या जागी बरोबर आहेत, मी वाद घातला नाही आणि ऐकलं पण नाही. त्यांचे पाय लहानपणापासून शेतातले, माझे एसीतल्या फरशीवरचे, दोघींना एकच नियम कसा लागेल?

यावेळी बरोबर जाऊबाई होत्या, त्या मुळातच सावकाश. पूल ओलांडला, नदीवर धुकं, मागं ब्रह्मपुरीची टेकडी नुसती काळी दिसत होती. आणि तिथं मागनं एक घोळका आला, पुढच्यानं आरोळी दिली, 'जोतिबाच्या नावानं...' आणि सगळ्यांनी 'चांगभलं'. मी पण तोंड उघडलं तर 'चांग' एवढंच आलं, भलं घशातच राहिलं, दम नव्हता. म्हंजे जाऊबाईंबरोबर पण मी नकळत ओढूनच चाललो होतो. आणि एकदम लक्षात आलं की मागच्या रविवारी वडणग्यापर्यंत किती घोळके गेले असतील, मी एकदा पण चांगभलं म्हटलं नव्हतं. एकदा पण! देवाला निघालेली बाई आणि देवाचं नाव घ्यायला श्वास नाही.

मग तिथंच नियम केला. चांगभलं पूर्ण म्हणता येईल एवढाच स्पीड. नाही आलं तर पाय आवरायचे. खूप आरामात येतंय, वर अभंग पण म्हणता येतोय, तर मग थोडं रेटायचं. घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं. घरी पोरीला सांगितलं, ती फिजिओथेरपी शिकतीय, तर ती म्हणे आई याला टॉक टेस्ट म्हणतात, आमच्या पुस्तकात आहे. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही म्हंजे मध्यम जोराचा व्यायाम, चार शब्दांवर श्वास घ्यायला लागतोय म्हंजे जोराचा. स्नायूंना जास्त ऑक्सिजन लागला की श्वास भराभर होतो, मग लांब वाक्य एका श्वासात बसत नाही, एवढं साधं आहे. आणि तुमचे ते रोजचे दहा हजार स्टेप्स, ते म्हणे कुठल्या डॉक्टरनं काढलेलेच नाहीत, 1965 साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं, त्याचं नावच दहा हजार पावलांचं होतं. ही अक्कल मला आधी मिळती तर एक घड्याळ वाचलं असतं.

स्पीड कमी केल्यावर रस्ता दिसायला लागला हो. वडणगे सोडून पुढं निगव्याकडं जाताना एक गुऱ्हाळ लागतं. पहिल्या रविवारी तिथनंच गाडीवर गेलो असेन, मला आठवत सुद्धा नाही. त्या दिवशी लांबनंच वास आला, उसाचा रस उकळायचा वास, त्यात चिपाडाचा धूर, थंडीत तो वास नाकात नाही, पोटात जातो. चुलवाणात जाळ धडाडलेला आणि काहिलीवर गुळव्या उभा. जाऊबाईंचं माहेर तिकडचंच, त्यांनी लगेच ओळख काढली, कुणाच्या कोण. गुळव्या म्हणाला थांबा, आधण उतरायला आलंय. त्यानं मळी काढली होती, भेंडीचं पाणी घालून रस साफ केला होता, आता नुसते सोनेरी बुडबुडे, मोठे मोठे, फुटायचे तेव्हा 'थप्प' असा आवाज. बोट पाण्यात बुडवून त्यानं पाक बघितला, गोळी वळती का बघितलं आणि मग चार जणांनी काहील उचलून वाफ्यात ओतली. आम्हाला स्टीलच्या वाटीत गरम काकवी. मी खाल्ली, परत मागितली, आणि डोक्यात एकदाही बोर्ड आला नाही. पुढं दोन किलोमीटर आम्ही दोघी त्या काकवीवरच बोलत होतो, कुशिरं कधी आलं कळलं नाही.

तिथनं वडाप. वर जाताना यावेळी तोंड झाकलं नाही.

तिसरा खेटा पुरा केला. पाच तास लागले, दोनदा बसून खर्डा-भाकरी, एकदा ताक. आमच्या पुढं एक सत्तरीच्या आजी होत्या त्या आमच्या आधी अर्धा तास पोचल्या असतील, त्यांना काही शिकवण वगैरे द्यायची नव्हती, त्या आमच्याशी बोलल्या पण नाहीत, सुसाट गेल्या. बरं वाटलं. कुणाशी लावून घ्यायचं नाही हे एकदा ठरलं की पुढचा माणूस नुसता पुढचा माणूस असतो.

चौथा चुकला. मार्च एंड, वसुलीला रविवारी पण बोलावलं. सासूबाई म्हणाल्या साखळी तुटली. मला वाईट वाटलं हे खरं, दोन दिवस वाटलं. पण आधीची मी असतो तर 'गेलं सगळं' म्हणून पाचवा पण सोडला असता, आणि वर रागानं दोन प्लेट भजी. त्याऐवजी आठवडाभर संध्याकाळी काम सुटल्यावर अर्धा तास चाललो, पतसंस्थेतनं घरापर्यंत, लांबच्या रस्त्यानं. आमच्या पिग्मीवाल्यांसारखं. रोजचं थोडं, पण रोज.

पाचव्याला मात्र मला खाज होती. हे सांगायला पाहिजे, नाहीतर वाटेल मी नुसती मजेत रमतगमत जाणारी बाई झालो. मला दमायचं होतं, घाम काढायचा होता, आपल्याच्यानं होतंय का बघायचं होतं. फक्त कुठं दमायचं ते मी ठरवणार होतो. गायमुख ते वरचं देऊळ, तेवढा तुकडा, न बसता. बाकी रस्ता चांगभलंच्या स्पीडनं, तेवढ्या तुकड्याला नियम बंद.

गायमुखाला पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. पाणी प्यालो, सँडल काढून पिशवीत घातले. हे आधी ठरलं नव्हतं, पण तिथं वाटलं की शेवटचं एवढं अनवाणी जाऊ, सासूबाईंसाठी म्हणा, माझ्यासाठी म्हणा. आणि सुरू केलं. पहिल्या शंभर पावलांतच मांड्या पेटल्या. छाती भात्यासारखी. जाऊबाई मागं राहिल्या, म्हणाल्या तू हो पुढं, मी येतो. मला वाटलं आता ती टेप सुरू होणार, म्हशीची. वाट बघितली, आली नाही. त्याऐवजी मी पायांशी बोलत होतो, खरंच, ओठ हलत होते, 'ते झाड दिसतंय न्हवं, तिथवर जाऊ, मग बघू.' झाडापाशी गेलो की दोन श्वास उभ्यानं, मग पुढचं वळण. थांबलो किती वेळा ते मोजलं नाही पण बसलो नाही. एका वळणावर खालनं घोळक्याची आरोळी आली आणि माझ्या तोंडातनं नुसता 'भलं' आला. लई हसलो. हसल्यानं अजून दम लागला.

वर देऊळ, 1730 मध्ये राणोजी शिंद्यांनी बांधलेलं, काळा दगड आणि त्यावर गुलालाचे थर, पायाखाली पण गुलाल, माझ्या टाचा गुलाबी. खोबरं उधळत होते, एक तुकडा थेट माझ्या डोक्यात बसला. रांगेत उभी असताना गुडघे थरथरत होते आणि मला ते थरथरणं आवडत होतं, कसं सांगू, लहानपणी झोपाळ्यावरनं उतरल्यावर पायाला होतं तसलं.

मग मी एक येडेपणा केला. एवढं भारी वाटत होतं की खाली पण चालतच गेलो, कुशिऱ्यापर्यंत. जाऊबाई शहाण्या, त्या वडापनं गेल्या. पोरीनं रात्री सांगितलं की उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात जात वजन धरतो, म्हणून चढण्यापेक्षा उतरण्यानं जास्त दुखतं, आणि खरं दुखणं एक-दोन दिवसांनी येतं. मी म्हटलं आधी सांगायचं होतंस. ती म्हणाली तू विचारलंस कुठं?

रविवारी संध्याकाळी वजन केलं. 81 आणि वर चारशे ग्रॅम. काकवीचे असणार.

मंगळवारी काउंटरवर साहेब एका मोठ्या ठेवीदाराला घेऊन आले, सगळे उठून उभे राहिले, मी खुर्चीचे दोन्ही हात धरून अर्धी उठलो आणि तिथंच अडकलो. ना वर ना खाली. साहेब म्हणाले काय झालं ओ मॅडम? तो मॅरेथॉनवाला पोरगा पलीकडच्या टेबलावरनं बघत होता, त्याला सगळं माहीत होतं, तो हळूच म्हणाला, 'जोतिबाच्या नावानं...'

अख्ख्या ब्रँचला ऐकू जाईल असं उत्तर दिलं मी, अर्धी उभीच.