इनएचएवर डॉकिंग : एनएडी जागेवर आहे का, ते आधी बघा

क्षयरोगावर नवं औषध शोधण्यासाठी संगणकावर लाखो रेणू प्रोटीनच्या खोबणीत बसवून (यालाच डॉकिंग म्हणतात) चाळायचे म्हटलं की लोकांना भीती वाटते ती रेणूंच्या संख्येची. माझा अनुभव वेगळा आहे. झिंक या रेणूंच्या ऑनलाइन संग्रहातून रेणू उतरवणं, नको ते गाळणं, रात्रभर व्हायना हा डॉकिंगचा प्रोग्रॅम चालू ठेवणं यात फारसं काही अडत नाही. अडतं ते प्रोटीन तयार करताना. आणि नेमकं तिथेच बहुतेक ट्युटोरियल एका ओळीत मोकळी होतात : ‘पाणी आणि हेटरो-अणू (प्रोटीनचा भाग नसलेले अणू) काढून टाका.’ इनएचए या क्षयरोगाच्या जिवाणूतल्या एन्झाइमच्या बाबतीत हे ऐकलंत तर पुढचं सगळं काम फुकट. त्या ओळीचा मला अजून राग येतो.

इनएचए हे एन्झाइम जिवाणूच्या भिंतीतली मायकोलिक आम्लं बनवायला लागतं. १९५२ पासून वापरात असलेलं आयसोनियाझिड यालाच अडवतं, पण त्याआधी जिवाणूच्याच कॅटजी एन्झाइमने त्याला सक्रिय करावं लागतं. कॅटजी बिघडलं (३१५ व्या जागी सेरिनऐवजी थ्रिओनिन आलं) की औषध निकामी. म्हणून कॅटजीची गरजच नसलेला, इनएचएला थेट अडवणारा रेणू हवा.

इनएचएची स्फटिकातून काढलेली रचना मी पीडीबी या प्रोटीन-रचनांच्या संग्रहातली ४टीझेडके घेतो. तिच्यात पायरोलिडिन कार्बोक्सामाइड गटातला अवरोधक (एन्झाइमला अडवणारा रेणू) बसलेला आहे आणि त्याला लागून एनएडी, म्हणजे एन्झाइमला कामात लागणारा सोबती रेणू. चित्र मोठं करून बघा : अवरोधकाच्या पाच अणूंच्या कड्यावरचा कार्बोनिल ऑक्सिजन एका बाजूने टायरोसिन १५८ ला आणि दुसऱ्या बाजूने एनएडीच्या रायबोजवरच्या हायड्रॉक्सिलला हायड्रोजन बंधाने धरतो. म्हणजे खोबणीची एक भिंतच एनएडीची आहे. हेटरो-अणू म्हणून ते उडवलं की तिथे मोठी पोकळी तयार होते, रेणू तिच्यात घुसतात आणि स्कोअर (रेणू किती घट्ट बसेल याचा अंदाज, जितका उणे तितका चांगला) मात्र छान येतात. प्रोग्रॅम काही चुकल्याचा कुठलाही संदेश देत नाही, म्हणून ही चूक शेवटपर्यंत लपून राहते.

एनएडी नुसतं ठेवूनही भागत नाही. पीडीबी फाइलमध्ये बंध एकेरी की दुहेरी हे लिहिलेलं नसतं. रूपांतर करणारं सॉफ्टवेअर अंदाज बांधतं. मग निकोटिनामाइडचं कडं बिघडतं, नाहीतर फॉस्फेटवर नको ते हायड्रोजन चिकटतात. व्हायना आंशिक प्रभार (अणूंवरचा विद्युतभार) बघत नाही, हायड्रोजनची नेमकी दिशाही बघत नाही. पण हायड्रोजन देणारा अणू कुठला, हे बघतो. हायड्रोजन चिकटलेलं फॉस्फेट मग खोटंच ‘दाता’ ठरतं. उपाय असा : एनएडीची आदर्श एसडीएफ फाइल (हिच्यात बंधही लिहिलेले असतात) वेगळी घ्या, तिच्यावरून आरडीकिट या रसायनशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये बंध बसवा, अणूंच्या जागा मात्र स्फटिकातल्याच ठेवा. प्रभार निकोटिनामाइडच्या कड्यावर +१, दोन फॉस्फेटवर −२, एकूण −१ आलं पाहिजे. नंतर व्हायनासाठी तयार झालेली पीडीबीक्यूटी फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून एनएडीच्या ओळी खरंच आहेत ना, ते डोळ्यांनी बघा.

यानंतर मूळ अवरोधक परत डॉक करा. हे जमेपर्यंत एकही नवा रेणू चालवू नका. स्फटिकातला आकार जसाच्या तसा देऊ नका. स्माइल्सवरून (रेणूची एका ओळीत लिहिलेली रचना) नवा त्रिमितीय आकार बनवा, कारण व्हायना कडी वाकवत नाही आणि तयार कडं दिलं तर परीक्षा सोपी होते. आरएमएसडी (डॉक केलेल्या आणि स्फटिकातल्या अणूंच्या जागांमधलं सरासरी अंतर) २ आंगस्ट्रॉमच्या आत हवा. तो मोजताना रेणू एकमेकांवर सरकवून बसवणारं साधन वापरू नका, आकडा खोटा लहान येतो. उलट, इथलं ३,५-डायक्लोरोफिनाइल कडं सममित आहे. साधनाला सममिती कळत नसेल तर बरोबर बसलेला रेणूही नापास होतो. ओपन बॅबेल या सॉफ्टवेअरमधलं ओबीआरएमएस हे साधन दोन्ही नीट सांभाळतं.

व्हायनाने रेणू जिथे बसवून बघायचा ते खोकं अवरोधकाच्या मध्यावर, बाजू साधारण २२ आंगस्ट्रॉम. घनफळ २७,००० घन आंगस्ट्रॉमच्या वर गेलं तर व्हायना इशारा देतो. एक्झॉस्टिव्हनेस (शोध किती कसून करायचा तो आकडा) मुळात ८ असतो. चाळणीला तो चालेल, पण निवडलेल्या रेणूंना ३२ वर पुन्हा चालवा.

−९.५ आणि −९.८ या स्कोअरमध्ये फरक शोधू नका. मोठ्या रेणूंना चांगला स्कोअर मिळतोच. स्कोअरला जड (हायड्रोजन सोडून बाकीच्या) अणूंच्या संख्येने भागून बघा. मी तर आधी टायरोसिन १५८ शी बंध आहे का ते पाहतो, स्कोअर नंतर. आणि हो, पेन्स फिल्टर (चाचण्यांत खोटा परिणाम दाखवणारे रेणू गाळणारी चाळणी) रेणू विकत घेण्याआधी लावा, नंतर नाही.

पुढे एन्झाइमची चाचणी ३४० नॅनोमीटरवर एनएडीएच (एनएडीचं हायड्रोजन घेतलेलं रूप) कमी होताना मोजून होते. त्याच तरंगलांबीवर प्रकाश शोषणारे रेणू निकाल बिघडवतात, म्हणून प्रत्येक रेणूचं एन्झाइमविना वाचन घ्या. ०.०१% ट्रायटन (साबणासारखं द्रव्य) घालून पुन्हा मोजा. परिणाम नाहीसा झाला तर तो रेणूंच्या गुठळ्यांचा होता. एन्झाइम अडलं म्हणून जिवाणू मरतोच असं नाही, त्याची मेणचट भिंत पार व्हावी लागते. त्यासाठी आधी क्षयरोगाच्या जिवाणूचा निरुपद्रवी वाण एच३७आरए वापरा. एच३७आरव्ही या रोग करणाऱ्या वाणाला बीएसएल-३ (कडक जैवसुरक्षेची) प्रयोगशाळा लागते.

राहिलंच : या गटातल्या रेणूंमध्ये कायरल केंद्र (ज्यामुळे रेणूची आरशातल्या प्रतिमेसारखी दोन रूपं होतात तो अणू) असतं आणि विक्रेते बहुधा दोन्ही रूपांचं मिश्रण पाठवतात. दोन्ही रूपं डॉक करा, आणि कुठलं रूप बसलं ते ऑर्डर देतानाच वहीत लिहून ठेवा.