तुम्ही विचारलंत म्हणून: नाशकात राहून घरी भाजी कशाला?

"नाशकात राहून घरी भाजी कशाला लावता? बुधवारी गंगाघाटावर जा, दहा-पंधरा रुपयांत मेथीची जुडी मिळते."

दसरा झाला की हा प्रश्न सुरू होतो आणि संक्रांतीपर्यंत थांबत नाही. शेजारच्या काकू विचारतात, यांचे ऑफिसातले मित्र विचारतात, पुण्याहून आलेली नणंद तर दर खेपेला विचारते. कुणाच्या मनात वाईट नसतं, हे मला कळतं. पण इतकी वर्षं मी समोरच्याला पटेल ते उत्तर देत आले. आता मला जे पटतं ते एकदा लिहून टाकते.

सुरुवातीला मी म्हणायचे, पैसे वाचतात. एक वहीही घातली होती. इतकी मेथी निघाली, बाजारात तिचे इतके झाले असते, असा हिशोब त्यात असायचा. आमच्या रो-हाउसमागची जागा म्हणजे बिल्डरने टाकलेला मुरूम. त्यावर काळी माती आणून टाकली, शेणखत टाकलं, गांडूळखताच्या गोण्या आणल्या. उन्हाळ्यात हिरवी जाळी लावली, तिचे बांबू आले. हे सगळं त्या वहीत धरलं असतं, तर मेथीची जुडी सोन्याच्या भावाने पडली असती. तेव्हाच्या मला हे ठाऊक होतं. तरी ती वही दाखवायची, कारण 'वाचतात' म्हटलं की माणसं लगेच गप्प होतात.

नंतर 'विषमुक्त' हा शब्द आला. तो मी कधी वापरला नाही आणि वापरणारही नाही. माझा सख्खा भाऊ निफाड तालुक्यात शेती करतो. तो जे पिकवतो ते आधी त्याच्याच पोरांच्या ताटात जातं. मी स्वतःच्या चार वाफ्यांना विषमुक्त म्हणायचं, म्हणजे त्याच्या शेताला काय म्हणायचं? मी निंबोळी अर्क फवारते. लिटरला पन्नास ग्रॅम निंबोळीचा मगज रात्रभर भिजवायचा, सकाळी वस्त्रगाळ करायचा, थोडा साबण घालायचा आणि उन्हं उतरली की मारायचा. फ्लॉवर-कोबीभोवती मोहरी टाकते, म्हणजे चौकोनी ठिपक्यांचा पतंग, ज्याच्या अळ्या कोबी खातात, तो आधी तिच्यावर जातो. एवढ्याने माझं भागतं, कारण माझी रोपं मोजता येतील इतकी आहेत. तीन एकरांवर अळी पडली तर मीही औषधाच्या दुकानातच धावले असते.

"पावसाळ्यात का नाही लावत?" असंही विचारतात. पावसात काळी माती चिखल धरते, कोवळ्या रोपांच्या माना गळ्याशी कुजतात आणि रोपं आडवी होतात. परतीचा पाऊस गेला, ऑक्टोबरचं ऊन जरा खाऊन माती भुसभुशीत झाली की आमचा खरा हंगाम. मेथी फोकून टाकायची, तीन-चार दिवसांत वर येते. धने तसेच पेरायचे नाहीत. फरशीवर पसरून चपलेखाली हलकेच रगडले की दोन फाकी होतात, मग पेरायचे, आणि आठ-दहा दिवस मातीकडे बघत धीर धरायचा. पालक, शेपू, चाकवत, आंबटचुका यांचं फार कौतुक करावं लागत नाही. मुळा आणि गाजर जागेवरच पेरायचं, उपटून दुसरीकडे लावायचं नाही. लसणाच्या पाकळ्या टोक वर ठेवून खोचायच्या. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली 'गोदावरी' नावाची जात आहे, नाशकात राहून ती न लावणं मला जमत नाही.

फ्लॉवरला थंडी लागते आणि ती आमच्याकडे आहे. निफाडचा पारा राज्यात सगळ्यात खाली गेला ही बातमी दर हिवाळ्यात येतेच. गड्डा मुठीएवढा झाला की त्याचीच बाहेरची पानं वर ओढून सुतळीने सैल बांधायची, म्हणजे ऊन लागून तो पिवळा पडत नाही. रोज सकाळी एक पान बाजूला करून आत डोकावायचं. दवाने बोटं गार पडतात आणि आत तो पांढराशुभ्र, घट्ट, एकही डाग नसलेला गड्डा असतो. हे बघायला मला आवडतं आणि त्याचं कारण कुणाला द्यावंसं वाटत नाही.

पण प्रश्न 'कशाला' हा आहे.

आमच्या घरात भाजीला आधी भाव होता, चव नंतर. वडील मार्केटवरून आले की आई पाणी द्यायच्या आधी विचारायची, "काय निघाला?" त्या उत्तरावर घराची संध्याकाळ ठरायची. चांगला माल बाजाराला जायचा. घरात शिजायचं ते फुटलेलं टोमॅटो, किडकं वांगं, तडकलेला कोबी. त्याचं आम्हाला दुःख नव्हतं, सगळ्या शेतकऱ्यांच्या घरी तसंच असतं. एकदा कोथिंबिरीला भाव इतका पडला की काढणीची मजुरीसुद्धा सुटेना. वडिलांनी उभ्या कोथिंबिरीत ट्रॅक्टरचा रोटर घालून ती मातीत गाडायला सांगितली. सगळ्या शिवारात वास सुटला. इतका सुंदर वास, आणि आई दार लावून घरात बसली होती. मी तेव्हा शाळेत होते. आजही कुणी कोथिंबीर चिरायला घेतली की मला आधी ते लावलेलं दार आठवतं.

माझ्या परसात जे उगवतं त्याला भाव नाही. पहिला, सगळ्यात चांगला गड्डा आमच्याच कढईत जातो किंवा शेजारी जातो. त्याची निवड करायची नाही, प्रतवारी करायची नाही, मार्केटला वेळेत पोहोचवायचा नाही. जिथे प्रत्येक पानाची बोली होते त्या जिल्ह्यात एवढीशी जागा मला बिनभावाची हवी आहे. हे माझं उत्तर.

आणि हे उत्तर मी माझ्या भावासमोर देऊ शकत नाही. त्याचं कारणही सांगते.

२६ नोव्हेंबर २०२३, रविवार. त्रिपुरी पौर्णिमेचे दिवस. त्या संध्याकाळी जिल्ह्यात अवकाळी आला. शहरात आमच्याकडे वारा आणि पाऊस झाला. मेथी मातीला चिकटली, कोथिंबीर झोपली, नुकती रुजलेली फ्लॉवरची रोपं पाण्याखाली गेली. मी टॉर्च घेऊन मागे गेले, वाफ्याचा कडेचा बांध खुरप्याने फोडून पाणी काढून दिलं. हात-पाय चिखलाने भरलेले असतानाच दादाला फोन लावला. त्याने उचलला नाही. वहिनीने उचलला आणि म्हणाली, "गारा पडल्या हो ताई. बोराएवढ्या."

दुसऱ्या दिवशी गेले. द्राक्षाचा बाग लांबून हिरवाच दिसत होता. आत शिरलं की कळत होतं. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, होऊन काड्या भरात आल्या होत्या, घडांत मणी धरले होते. आता पानांच्या चिंध्या झालेल्या, काड्यांची साल एका अंगाने सोललेली, आणि जे घड वर राहिले होते त्यांच्या मण्यांवर मार बसून तपकिरी चट्टे उठलेले. खाली पानं, शेंडे आणि घड एकमेकांत मिसळून पडलेले, त्यावर चाललं की पाय घसरायचा. दादा एकेक काडी वर करून बघत होता आणि सोडून देत होता. बाजूला उन्हाळ कांद्याचं रोप टाकलेलं होतं, तेही बसलं होतं. वहिनी पंचनाम्यासाठी मोबाइलवर फोटो काढत होती. फोटोत काही नीट येत नाही म्हणून ती पुन्हा पुन्हा जवळ जाऊन काढत होती.

मला काय बोलावं ते सुचेना. मी म्हटलं, "आमच्याकडेही सगळे वाफे झोपले रे."

त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "तुला कुठे विकायचंय? तुझं काय गेलं?"

एवढंच. आवाज चढवला नाही. मग वहिनीला म्हणाला, "चहा ठेव हिच्यासाठी."

मी तुलना करत नव्हते, हे मला आजही ठणकावून सांगावंसं वाटतं. शेतकऱ्याच्या पोरीला त्याच्या शेजारी उभं राहून दुसरं काय म्हणता येतं? 'होईल सगळं नीट' म्हणायचं? ते तर बँकेचा माणूसही म्हणतो. पुढे ८ डिसेंबरला कांद्याची निर्यात बंद झाली आणि त्याचा राहिलेला लाल कांदाही पडेल त्या भावाने गेला. त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये टोमॅटोच्या वीस किलोच्या कॅरेटला दोन हजारांवर भाव होता आणि सप्टेंबरात लोकांनी तोच टोमॅटो रस्त्यावर ओतला होता. त्या सगळ्या वर्षाचा राग त्या एका वाक्यात होता. माझ्यावर नव्हता. पण लागलं मला.

त्या हंगामात मी पुन्हा काही पेरलं नाही. मटाराचं बी डब्यात तसंच राहिलं. लसूण मात्र पाण्याचा निचरा होताच आपोआप उभा राहिला, त्याला मी हात लावला नाही, काढलाही उशिरा. यांनी विचारलं तेव्हा म्हटलं, गुडघे दुखतात. गुडघे दुखत नव्हते.

कारण दादाचं म्हणणं खोटं नाही. भाव नको म्हणणं मला परवडतं, महिन्याच्या एक तारखेला घरात पगार येतो म्हणून. त्याला भाव नको म्हणता येणार नाही, त्याच्यावर गावच्या शेती सोसायटीचं कर्ज आहे. माझी बिनभावाची जागा ही पगाराच्या जोरावर उभी आहे. हे मी स्वतःला सांगितलं आणि ते पटलं. मग पुढच्या दसऱ्याला पुन्हा माती उकरली. का, ते मला पूर्ण सांगता येत नाही. वडील गेले, जमीन दादाच्या नावावर झाली, मी सही करून मोकळी झाले. ते योग्यच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण चांगला माल घरात यावा हे आईने कधी अनुभवलं नाही. ते मला अनुभवायचं आहे आणि त्यासाठी कुणाची परवानगी मागायची नाही. दादाचीही नाही. आता तुम्ही म्हणाल, मग त्याचं म्हणणं पटलं की नाही? पटलं आहे. आणि मी लावणारही आहे.

मागच्या संक्रांतीला दादा-वहिनी तिळगूळ द्यायला आले होते. मी वहिनीला मागे नेलं आणि तिच्यासमोर फ्लॉवरची सुतळी सोडली. तिने गड्डा दोन्ही हातांत घेतला, वास घेतला, म्हणाली, "आमच्या घरात असला कधी शिजला नाही." तिच्यासाठी दोन काढले, पिशवीत भरले. मी दादाला म्हटलं, विहिरीजवळ मोटारीच्या खोलीमागे चार हात जागा आहे, वहिनीला एक वाफा करून दे. तो म्हणाला, "छाटणीला माणसं मिळत नाहीत, वाफा कोण बघणार?" वहिनी म्हणाली, "मी बघेन ना." तो काही बोलला नाही. पिशवीतला गड्डा बाहेर काढून त्याने तळहातावर तोलला, उलटा करून देठ बघितला, मार्केटला बघतात तसा.

"आज याला काय भाव निघाला असता, सांगू?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "नको."

त्याने सांगितलाच.