खिडकीची भिंत

गुरुवार, रात्री साडेदहा

आजही खोलीचं चित्र जमलं नाही. हा तिसरा कागद, आणि 300 जीएसएमचा जाड कागद वाया गेला की जीव हळहळतो.

पहिल्या वेळी मी तावदानांत निळा रंग भरला होता. चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "खिडकी रंगवायची नसते, राखायची असते." जलरंगात पांढरा म्हणजे कागदच, एकदा झाकला की गेला. दुसऱ्या वेळी मास्किंग फ्लुइड, म्हणजे रंग लागू न देणारा आणि मग सोलून काढायचा द्रव, लावून तावदानं राखली, तर सोलताना कागदाचा पापुद्राच निघाला. आज सगळं नीट राखलं आणि तरी खिडकीत उजेड नाही.

बाईंनी डोळे किलकिले करून चित्र लांब धरलं. "भिंत खोटी आहे. तुला माहीत आहे ती रंगवलीस. दिसते ती रंगव."

माहीत आहे ती. फिकट पिवळी, मीच निवडलेला रंग. घरी आल्यावर काळ्या कार्डशीटला पंचिंग मशीनने भोक पाडलं आणि खाट असायची तिथे बसून त्यातून खिडकीची भिंत पाहिली. पिवळी कुठली! धुरकट करडी. भोक जरा सरकवून बाहेरच्या जांभळावर आणलं, तर पानं भिंतीपेक्षा उजळ. भर चार वाजता. कार्डशीट खाली ठेवली की भिंत पुन्हा पिवळी. पाच-सहा वेळा करून पाहिलं.

आई तिथेच बसायची, खिडकीकडे तोंड करून. "दिवा लाव गं, काही दिसत नाही." आणि मी म्हणायचे, "अगं, समोर एवढी मोठी खिडकी आहे!" कधी नुसतंच, "आई, दिवसाढवळ्या?" मग ती गप्प बसून चाचपत तांदूळ निवडायची.

वय वाढतं तशी डोळ्याची बाहुली आखडते, भिंग पिवळट होत जातं. साठीत डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्यापेक्षा साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. आई तर पंचाहत्तरीची. आणि मी तिला खिडकी दाखवत होते. हे मलाच का दिसलं नाही? तीस वर्षं या खोलीत काढली. सगळं मीच तर बघत होते, औषधं, पथ्य, रात्रीचं उठणं. वहिनीनं तिकडे पहिल्याच आठवड्यात खाटेशी दिवा... जाऊ दे.

चित्रकार हळदणकरांचं ते दिवा घेतलेल्या बाईचं चित्र म्हैसूरला जगनमोहन राजवाड्यात पाहिलं होतं. तेही जलरंगातलंच. मी तिच्या बोटांतून झिरपणाऱ्या उजेडासमोर कितीतरी वेळ उभी होते. भोवतीच्या काळोखाकडे लक्षही गेलं नाही, आणि उजेड तर सगळा त्या काळोखाच्या जिवावर होता.

साडेआठला आजचाच कागद पुन्हा घेतला. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना कालवून करडा केला, वाटला त्याहून गडद, कारण वाळल्यावर तो फिकाच होतो. भिंतीवर पिवळ्यावरूनच एक हात फिरवला. श्रावणात कागद लवकर वाळत नाही. ओल्यावर ओलं गेलं तर फुलकोबीसारखे डाग उठतात. म्हणून अर्धा तास हात बांधून बसले. मग दुसरा हात. खिडकीला ब्रश लावलाच नाही आणि ती उजळली. खालचा पिवळा करड्यातून थोडा ऊब देत राहिला. जमिनीवरचा कवडसा अजून चुकतोय. तो उद्या.

आईला फोन केला. म्हटलं, तुझी खोली रंगवतेय. खिडकीची भिंत फार काळोखी आहे गं, आज कळलं.

"हो ना," ती म्हणाली, जणू रोजचंच बोलणं. मग, "पाऊस आहे का तिकडे? झड येते त्या खिडकीतून. लावून घे."

लावून आले. येताना तिथला दिवा चालूच ठेवला.