इतक्या जवळून फोटो काढता, लोक रागावत नाहीत?

वारीतले फोटो पाहिले की हा प्रश्न हमखास येतो. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो.

रागावतात, पण क्वचित. आणि त्यांना खुपतं ते जवळ येऊन घुटमळणं. फोकस लागेपर्यंत लेन्स रोखून धरणारा, बटणं चाचपडणारा माणूस कुणालाच आवडत नाही. म्हणून माणसापाशी पोचल्यावर करायचं काही शिल्लकच ठेवू नये.

लेन्स २८ मिलीमीटरची घ्या, एपीएस-सी (लहान सेन्सरचा) कॅमेरा असेल तर १८. फुल फ्रेमवर (३६ बाय २४ मिलीमीटरच्या मोठ्या सेन्सरवर) २८ने एक मीटरवरून आडव्या चौकटीत सुमारे १.३ मीटर रुंदी आणि ८५ सेंटीमीटर उंची मावते. म्हणजे टोपीपासून कमरेपर्यंत माणूस आणि बाजूच्यांचे खांदे. २१ मिलीमीटरच्या लेन्सचा मोह होतो, पण तिच्यात अगदी कडेला आलेलं डोकं जवळजवळ एक तृतीयांशाने रुंद होतं. दिंडीत कडेला कुणीतरी असतंच. एखाद्या आजीचा चेहरा असा ताणून दाखवणं मला पटत नाही. २८मध्येही चेहरे कडेपासून थोडे आतच ठेवावेत.

ऑटोफोकस बंद करा. टाळ, पताका, हात सतत आडवे येतात, आणि चेहरा ओळखणारा फोकससुद्धा नेमका मागच्या रांगेतला चेहरा पकडतो. मॅन्युअलवर १.२ मीटर अंतर आणि एफ ८ (लेन्सच्या छिद्राचं माप) लावलं की साधारण ९० सेंटीमीटरपासून १.९ मीटरपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. मागचा रथ थोडा मऊ दिसतो, पण ओळखू येतो. फोकसची रिंग धक्क्याने फिरते, म्हणून तिच्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावा. काही नव्या लेन्सवर अंतराचे आकडे नसतात. तिथे कॅमेऱ्याच्या पडद्यावरची अंतराची पट्टी पाहायची. कॅमेरा बंद-चालू केल्यावर ती परत तपासायची, कारण काही कॅमेरे ठरवलेलं अंतर विसरतात.

१.२ मीटर डोळ्यांत बसायला हवं. घरात दोन फुटी टाइल्स असतील तर दोन टाइल्स म्हणजे बरोबर तेवढं अंतर. घरच्यांना उभं करा, अंदाजाने थांबा, मग टाइल्स मोजा. आठवडाभरात पाय आपोआप योग्य जागी थांबायला लागतात. बाकी सगळ्यापेक्षा या सरावाचा उपयोग जास्त.

शटरच्या वेगाच्या बाबतीत बहुतेकजण फसतात. वाइड, म्हणजे रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सला हलल्याचं दिसत नाही असा समज आहे. तो लांबच्या माणसाला लागू पडतो. एक मीटरवरून आडवा चालत जाणारा माणूस १/५०० सेकंदाला, २४ मेगापिक्सेलच्या फोटोत, दहा-बारा पिक्सेल तरी सरकतो. तोच तीन मीटरवर असता तर चारेक. म्हणून १/१००० ठेवा. आषाढाच्या ढगाळ दुपारी एफ ८ला त्यासाठी आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६०० ते ३२०० लागतो. दाणे दिसले तर दिसू द्या. दिंडीबरोबर त्याच वेगाने चालत राहिलात तर हा त्रास बराच कमी होतो.

पांढरे सदरे आणि टोप्या कॅमेऱ्याच्या प्रकाशमापकाला चकवतात आणि चेहरे काळवंडतात. एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) +०.७ ते +१ वर ठेवा. पावसात लेन्स खाली झुकवून धरा आणि खिशात सुती रुमाल ठेवा. वाइड लेन्सच्या काचेवरचा एक थेंबसुद्धा फोटोत धुरकट डाग होऊन येतो.

आता उभं कुठे राहायचं. पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यात पखवाज आणि वीणेकरी, मागे तुळस घेतलेल्या बाया. ही रचना मोडायची नाही. रांगांच्या मधून आडवं जाऊ नये, वीणेकऱ्यांची वाट तर कधीच अडवू नये. कडेने चाला. कॅमेरा पोचण्याआधीच डोळ्याला लावलेला असू द्या, म्हणजे तो अचानक वर येत नाही. विसाव्याला बसलेल्यांसाठी गुडघ्यावर बसा. वरून काढलेल्या फोटोत कपाळ मोठं आणि बाकी शरीर आखूड दिसतं. कमरेवरून चोरून काढू नका. तिरके फोटो येतात हे एक, आणि लक्षात आलं तर समोरच्याचा राग रास्तच असतो.

क्लिक झाल्यावर पडद्याकडे पाहू नका. त्यांच्या डोळ्यांत पाहून "राम कृष्ण हरी, माउली" म्हणा. वारीत सगळेच एकमेकांना माउली म्हणतात, त्यामुळे हे उपरं वाटत नाही. "कशाला काढला?" विचारलं तर फोटो दाखवा. "नको" म्हणाले तर त्यांच्यासमोर पुसा. फोनवर काढला असेल तर हटवलेल्या फोटोंच्या फोल्डरमधूनही. टँकरवर अंघोळ करणाऱ्या, साडी बदलणाऱ्या बायांकडे आणि झोपलेल्यांकडे कॅमेरा वळवूच नका. रस्ता सार्वजनिक असला तरी त्या क्षणी त्यांना आडोसा नसतो. लहान मुलांचा फोटो आईबापांच्या होकाराशिवाय कुठेही टाकू नये.

फोटो मागितला तर नंबर घ्या, आणि सोबत दिंडीचा क्रमांक, ती पालखीच्या रथाच्या पुढची की मागची, आणि गावाचं नाव लिहून घ्या. बऱ्याच म्हाताऱ्यांकडे स्मार्टफोन नसतो. पाच बाय सातची प्रिंट दिंडीप्रमुखांच्या पत्त्यावर धाडली की ती पोचते.