देवळालीचा ताप

३ मे

इंग्रजीत डोकं फिरण्याला आमच्या गावाचं नाव आहे. ‘ही हॅज गॉन डूलॅली’ म्हणजे गेला बिचारा कामातून. डूलॅली म्हणजे देवळाली. आमचीच, नाशिक रोडच्या अलीकडची, लॅम रोडवरच्या सॅनिटोरियमांची. भाच्याला हे बर्मिंगहॅमला शिकायला गेल्यावर कळलं. काल रात्री फोनवर नुसता खिदळत होता.

‘आत्या, अगं घरमालकीण वॉशिंग मशीनला डूलॅली म्हणते! आपली देवळाली ती!’

‘मशीनला म्हणते ना, मग बरं. पूर्वी माणसांना म्हणायचे.’

मग म्हणे सगळी गोष्ट व्हॉट्सॲपवर दोन ओळींत पाठव. दोन ओळींत मावणारी असती तर पाठवली असती. इथे लिहून काढते, वाटलं तर फोटो काढून पाठवीन.

१८६१ च्या सुमारास इंग्रजांनी इथे लष्कराची छावणी वसवली. लढाईची नव्हे, ये-जा करणाऱ्यांची. विलायतेहून आलेल्या पलटणी मुंबईला उतरून इथे यायच्या, इथून पुढे कुठे पेशावर, कुठे लखनौ. परत जाणारेही इथेच गोळा व्हायचे. ज्यांच्या नोकरीची मुदत भरली त्यांना ‘टाइम-एक्स्पायर्ड’ म्हणत. औषधाच्या बाटलीवर असतं तसं.

खरी मेख होती जहाजांच्या हंगामात. सैन्य नेणारी जहाजं साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढीच चालत. उन्हाळ्यात तांबड्या समुद्रात माणसं भाजून निघायची आणि पुढे अरबी समुद्रावर पावसाळा. म्हणजे ज्याची मुदत एप्रिलात भरली, तो शेवटचं जहाज चुकलेला. त्याने करायचं काय? देवळालीत बसायचं. मे, जून, अख्खा पावसाळा, गणपती, दसरा, सगळं इथे.

४ मे

आज उष्मा फार. दुपारी पडदे ओढून पडले होते, तर रेंजवरून तोफांचा सराव सुरू झाला. कपाटातल्या काचेच्या बरण्या एकमेकींना लागून किणकिणतात. पाहुणे दचकतात, आम्हाला त्याशिवाय आठवडा गेल्यासारखा वाटत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तोफखान्याची शाळा काकूलहून (ते आता पाकिस्तानात) इथे आली, तेव्हापासूनचा हा आवाज. पण त्या गोऱ्या शिपायांच्या वाट्याला एवढीसुद्धा करमणूक नव्हती.

फ्रँक रिचर्ड्स नावाचा एक साधा शिपाई, रॉयल वेल्श फ्युजिलिअर्समधला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात होता. त्याने १९३६ साली आपल्या इथल्या नोकरीच्या आठवणी छापल्या. त्यात देवळालीचं वर्णन आहे, आणि ते एखाद्या अधिकाऱ्याने लिहिलेलं नाही म्हणून मला जास्त पटतं. मुदत भरलेल्यांकडे ना हत्यार, ना साज. कधीमधी किट मांडून दाखवायचं, एखादा रूट मार्च, बाकी दिवस खायला उठायचा. सगळी नोकरी सरळ काढलेले, एक डाग नसलेले शिपाई इथे येऊन काहीतरी करून बसायचे आणि घरी जायच्या तोंडावर तुरुंगवास भोगायचे. काही बाजारातून नको तो रोग घेऊन इस्पितळात दाखल व्हायचे. कुणी विचित्र वागायला लागला की बाकीचे म्हणायचे, याला ‘डूलॅली टॅप’ झालाय. ही म्हण त्या छावणीतल्या कंटाळ्यातून आली असावी, असं रिचर्ड्स सांगतो.

म्हणजे जबाबदार कोण? ऊन नाही, पाणी नाही, देवळालीचे डास नाहीत. माणसाची मुदत एका तारखेला संपवायची आणि त्याचं जहाज सहा महिन्यांनी सोडायचं, हा हिशेब कुठल्याशा कचेरीत बसून कुणीतरी केला. त्या हिशेबाने माणसं वेडीपिशी झाली आणि नाव लागलं आमच्या गावाला. कचेरीचं नाव शब्दकोशात कधी जात नाही.

त्यातून गंमत अशी, की मुंबईकरांच्या लेखी देवळाली म्हणजे हवापालट. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, कोरडी हवा, संध्याकाळी गार वारा. पारशी, गुजराती, बोहरी कुटुंबं आजारातून उठलेल्या माणसाला घेऊन इथे यायची, रुंद व्हरांड्याच्या सॅनिटोरियमात महिना-महिना राहायची. डॉक्टरच सांगायचे, देवळालीला जा. एकाच स्टेशनावर एक गाडी प्रकृती सुधारायला आलेल्यांना उतरवायची आणि दुसरी डोकं बिघडायला आलेल्यांना.

४ मे, रात्री

‘टॅप’चं लिहायचं राहिलं. हा नळाचा टॅप नाही. आपला ताप. संस्कृतात ताप, फारसीत तब, पलटणीतल्या हिंदुस्थानीत तप, गोऱ्याच्या तोंडी टॅप. ‘डूलॅली टॅप’ म्हणजे सरळसोट देवळालीचा ताप. सुरुवातीला त्यात खरा तापही असणार, कारण हिवताप तेव्हा घरोघर होता. पण शब्द रुळला तो डोक्याच्या दुखण्यासाठी. आपण नाही का म्हणत, ‘काय डोक्याला ताप आहे!’ त्या शिपायांना कुणी मराठी शिकवलं नव्हतं, तरी बरोबर तिथेच येऊन पोचले.

‘देव’चा ‘डू’ झाला, ‘ळ’ तर त्यांना जन्मात जमला नसता.

गावाच्या नावाने वेड सांगायची खोड काही त्यांचीच नव्हे. आपण कुणाला ‘ठाण्याला पाठवा’ म्हणतो, पुण्याकडचे येरवड्याची वाट दाखवतात, हिंदीवाले आग्रा किंवा रांची. लंडनच्या बेथलेम इस्पितळावरून तर गोंधळालाच ‘बेडलम’ हा शब्द मिळाला, आणि ते इस्पितळ १२४७ सालचं. फरक एवढाच, की तिथे सगळीकडे वेड्यांची इस्पितळं होती. माणूस आधी वेडा व्हायचा, मग ठाण्याला जायचा. देवळालीला तो धडधाकट यायचा.

६ मे

काल पाहुणे होते, लिहिणं झालं नाही. भाच्याचा निरोप पडलाय: ‘पुढे काय झालं?’

पुढे पहिलं महायुद्ध झालं. मेसोपोटेमियाच्या आघाडीवरचे जखमी आणि आजारी इथल्या लष्करी इस्पितळांत येत. आता शब्द जुन्या पगारी शिपायांपुरता उरला नाही, भरती होऊन आलेले कारकून, खाणकामगार, शेतमजूर तो ऐकून घरी घेऊन गेले. १९२५ साली फ्रेझर आणि गिबन्स यांनी इंग्रज सैनिकांच्या बोलीचा कोश काढला, त्यात ‘डूलॅली टॅप’ आहे. ब्लायटी (विलायती), डेको (देखो), कुशी (खुशी) ही सगळी त्याच बराकीतली भावंडं. त्यांतली बाकीची आनंदात नांदली. ब्लायटी म्हणजे घर, कुशी म्हणजे सुखाची नोकरी. वेडाचं खातं तेवढं आमच्या वाट्याला.

मग शेपूट गळलं. ‘टॅप’चा अर्थ इंग्लंडात कुणाला लागणार? उरलं नुसतं डूलॅली. ऐकायलाही ते लाडिक, बाळाला खेळवताना काढलेल्या बोलासारखं, आणि मला वाटतं अर्थ सौम्य झाला त्यात या आवाजाचा हात असावा. बराकीत ज्याच्यावरून माणूस कैदेत जायचा, त्याच शब्दाने हल्ली विसरभोळ्या काकांची थट्टा होते. एखाद्या गोष्टीपायी भान हरपलं तरी डूलॅली, बायको चिडली तरी डूलॅली, आणि आता वॉशिंग मशीन. ज्याला खरोखर भ्रम झालाय त्याच्याबद्दल मात्र शहाणी माणसं तो वापरत नाहीत, हेही बरंच.

भाच्याने त्यावर बीबीसीच्या एका जुन्या विनोदी मालिकेचा तुकडा धाडला. १९७४ ते १९८१ चालली, सुरुवातीचे भाग देवळालीत घडतात. लिहिणाऱ्या दोघांपैकी जिमी पेरी दुसऱ्या महायुद्धात स्वतः इथे होता, तोफखान्याच्या नाटकमंडळीत. म्हणून मी उत्सुकतेने पाहिलं. देवळाली कुठेच नाही. सगळं चित्रीकरण इंग्लंडात. हिंदुस्थानी नोकराचं काम करणारा गोरा नट तोंडाला रंग फासून बसलेला, ते पाहून मी बंदच करणार होते. पण त्याचे उच्चार कानाला खटकेनात. शोधलं तर मायकेल बेट्स, जन्म झाशीचा! रंगाबद्दल माफी नाही, पण उच्चारांना दाद दिली.

‘आत्या, पुण्यातली डूलॅली तुला माहितीये ना?’ असंही वर विचारलंय. माहितीये. २००९ साली तिथे स्वतः बिअर गाळणारी जागा याच नावाने निघाली, मग मुंबईतही. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी, कारण त्या शिपायांनी इथे वेळ कशाच्या जोरावर काढला असेल ते सांगायला नको. तिथे बसणाऱ्या पोरांपैकी कितीजणांना हे नाव आपल्या स्टेशनाचं आहे हे ठाऊक असतं कोण जाणे. भाचा स्वतः तिथे दोन-तीनदा जाऊन आलाय म्हणे, आणि आयरिश नाव समजत होता. नाशिक जिल्ह्यातला मुलगा! त्याच्या आईला हे सांगू नको म्हणतो. बघू.