पावणेनऊ मिलिमीटरची बारशी लाईट

४ जानेवारी

बारशी लाईटच्या, म्हणजे बार्शीच्या जुन्या छोट्या रेल्वेच्या, माझ्या प्रतिकृतीचा नव्या वर्षातला पहिला रूळ आज बसला. लांबी ११ इंच. दुपारी चारला बसलो होतो, उठलो तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. मागच्या वळणाचा शेवट आणि हॉल्टसमोरच्या सरळ रुळाची सुरुवात, यांचा जोड करायचा होता. तो जोड नेमका वळणाच्या तोंडाशी येतो. तिथे वाकवलेला रूळ परत सरळ व्हायला बघतो आणि जोडावर बारीकसा कोपरा पडतो. ऑक्टोबरात प्रत्येक फेरीला डबा तिथेच रुळावरून उतरत होता. या वेळी दोन्ही तुकडे सरळ असतानाच एकमेकांना सोल्डर केले आणि मग एकत्र वाकवले. डोळे मिटून बोट फिरवलं, कुठे काही लागलं नाही.

प्लायवूडचं हे फळकूट ४ फूट बाय २ फूट आहे. त्यावर ९ इंच त्रिज्येची दोन वळणं, पुढे एक हॉल्ट, मागे पडद्याआड लपलेली एक लाईन. एवढ्यावर तीन वर्षं झाली. घरी येणारे लोक विचारतात, अजून चालूच आहे का? हो, चालूच आहे.

५ जानेवारी

काल रात्री झोप येईना म्हणून जुन्या वहीतली आकडेमोड पुन्हा वाचत बसलो. या छंदात मी बारशी लाईटकडे का वळलो ते त्या एका पानावर आहे.

सुरुवातीला मला सगळ्यांसारखीच डेक्कन क्वीन करायची होती. बाजारात सगळ्यात जास्त माल १:८७ या प्रमाणात मिळतो आणि त्याचे रूळ १६.५ मिलिमीटर गेजचे, म्हणजे दोन रुळांत तेवढं अंतर असलेले असतात. ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजसाठी बरोबर आहेत. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं. त्याला ८७ ने भागलं की १९.३ येतात. म्हणजे आपला डबा अचूक बनवला तर तो जवळपास तीन मिलिमीटर अरुंद रुळावर उभा राहतो. तीन मिलिमीटर ऐकायला काहीच नाही, पण समोरून बघितलं की डबा चवड्यांवर उभा राहिल्यासारखा दिसतो. मला ते सहन होईना.

मग एका दुपारी सहज ७६२ ला ८७ ने भागलं. ७६२ मिलिमीटर म्हणजे अडीच फूट, बारशी लाईटचं गेज. उत्तर आलं ८.७६. पावणेनऊ मिलिमीटर! आणि ९ मिलिमीटरचे रूळ तर सगळीकडे मिळतात, लहान प्रमाणाच्या गाड्यांसाठी बनवलेले. पाव मिलिमीटरचा फरक माझ्या डोळ्यांना दिसत नाही. जी गाडी आता कुठेच धावत नाही, तिचेच रूळ तयार मिळत होते. त्या दिवशी मी डेक्कन क्वीनची सगळी चित्रं फाईलमध्ये ठेवून दिली.

आईचं माहेर बार्शी, हे दुसरं कारण. खरं तर पहिलंच.

११ जानेवारी

आज रेल्वेच्या प्रतिकृती करणाऱ्या आम्हा तिघांचा महिन्याचा व्हिडिओ कॉल होता. नियम एकच, काम दाखवायचं, बेत नाही.

डोंबिवलीच्या काकांनी बोरघाटातलं रिव्हर्सिंग स्टेशन दाखवलं. १८६३ साली घाट सुरू झाला तेव्हापासून १९२९ पर्यंत खंडाळ्याजवळ गाडी एका कड्यावर येऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट दिशेने पुढे चढायची. काकांच्या घरात गोल फिरणाऱ्या लाईनला जागा नाही, आहे ती एक लांब फळी. रिव्हर्सिंग स्टेशनला वळण लागतच नाही. जागेची अडचण आणि इतिहासातली अडचण इतकी चपखल जुळलेली मी दुसरी पाहिलेली नाही. घाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट. त्यांच्या सहा फुटांच्या चढाला दोन इंचांची उंची येते आणि त्यांचं इंजिन चार डबे घेऊन ती चढतं, पाचव्याला चाकं जागीच फिरतात. काका म्हणाले, "खऱ्या घाटातही मागून ढकलायला बँकर इंजिन लावतातच की. मीही लावणार." रुळाच्या रुंदीचं त्यांनी मनाला लावून घेतलेलं नाही. ते बाजूने बघतात, मी समोरून. दोन्ही बरोबर आहे.

नाशिकच्या ताई माथेरान करतात. त्यांना रुळापेक्षा झाडं जास्त लागतात. दोनशे चाळीस झाली, अजून तेवढीच हवीत. तारेचा पीळ, त्यावर डिंक, त्यावर रंगवलेला लाकडाचा भुसा. आज त्यांनी एक झाड कॅमेऱ्याजवळ धरलं आणि तिघंही काही वेळ गप्प होतो.

मी माझे ११ इंच दाखवले. काकांनी जोड जवळून दाखवायला सांगितला, निरखला आणि म्हणाले, "आता हा उतरवणार नाही डबा." बाकीच्या जगाला या वाक्याचं काही वाटणार नाही. मला रात्रभर पुरलं.

१९ जानेवारी

मामेभावाच्या शेतावर हुरड्याला गेलो होतो. शाळू कमरेच्या वर, कणसं भरलेली, आगटीचा धूर, गूळ, दही, शेंगदाण्याची चटणी. पोट भरल्यावर सगळे बाजेवर आडवे झाले आणि मी पट्टी घेऊन शाळू मोजायला गेलो. एक ताट २ मीटर १० सेंटिमीटर भरलं. म्हणजे माझ्याकडे २४ मिलिमीटर. भावाने विचारलं नाही काय करतोयस, फक्त पट्टीचं दुसरं टोक धरलं.

येताना बांधावरची काळी माती आणली, एक पिशवी. रुळाभोवती पसरायला याच भागातली माती हवी, असं डोक्यात पक्कं बसलं होतं.

मातीची खरी गरज रुळाच्या उंचीमुळे आहे. विकत मिळणाऱ्या या रुळाची उंची दोन मिलिमीटर. ८७ ने गुणलं की १७४ मिलिमीटर होतात. आज मेन लाईनवर टाकतात तो मीटरला ६० किलोचा रूळ १७२ मिलिमीटर उंच असतो. आणि बारशी लाईट सुरू झाली ती यार्डाला ३० पौंडांच्या रुळावर, ज्याची उंची जेमतेम तीन इंच. म्हणजे राजधानीचा रूळ मी बैलगाडीच्या वाटेवर टाकलाय. उपाय एकच, रूळ मातीत बुडवायचा. वरची कड तेवढी चमकत राहील आणि आतल्या बाजूने चाकाची कड फिरेल इतकी जागा उरेल.

हलका रूळ ही या लाईनची मूळ कल्पना होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने हिशेब मांडला की प्रत्येक आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही. मग रूळ हलका चालतो, भराव कमी लागतो, पूल स्वस्त होतात. अर्थात इंजिनाचं वजन बऱ्याच आसांवर वाटावं लागतं, म्हणून पहिल्या इंजिनांना एकमेकांना जोडलेली आठ चाकं दिली. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी गाडी सुरू झाली. १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. पुढे १९५४ साली सरकारने कंपनी विकत घेतली. (याच कॅलथ्रॉपने नंतर विमानातून उडी मारण्यासाठी पॅराशूट बनवलं. आयुष्यभर वजनाचाच विचार केला या माणसाने.)

२६ जानेवारी

माती चाळली, जुन्या कढईत भाजली, नाहीतर पावसाळ्यात फळ्यावर बुरशी येते. मग प्लास्टिकच्या पिशवीत लोहचुंबक घालून मातीतून फिरवलं. पिशवीला काळी मिशी फुटल्यासारखे कण चिकटले. आपली माती बेसॉल्टची, तिच्यात लोखंडाचा अंश असतो. ते कण इंजिनाच्या मोटारीत गेले तर मोटार संपली. तीन वेळा फिरवलं, तिसऱ्यांदा पिशवी स्वच्छ निघाली.

दुपारी हॉल्टच्या दीड फुटात माती पसरली. फेव्हिकॉल आणि पाणी निम्मं निम्मं, त्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, ड्रॉपरने थेंब थेंब सोडलं. साबणामुळे पाणी मातीवर न थांबता खाली उतरतं. ओली असताना ती जमीन इतकी खरी दिसत होती की मी खोलीतला दिवा बंद करून टॉर्च तिरपा धरून बघत बसलो. पाऊस पडून गेल्यावरचं काळं रान.

२७ जानेवारी

सकाळी उठलो तर भेगा.

दीड फुटात सगळीकडे. काही ठिकाणी मातीची खपली दोन मिलिमीटर वर उचलली गेलीय आणि रुळाच्या एका बाजूला चिकटून तिने रूळही किंचित खेचलाय. परवाचा जोड वाचला, त्याच्या पुढचा तुकडा बाहेर गेला.

काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात हे मला लहानपणापासून माहीत. त्या भेगेत मी पाय अडकून पडलोही आहे. ती माती पाण्याने फुगते आणि वाळताना आक्रसते, फेव्हिकॉल घातला म्हणून ती स्वभाव सोडत नाही. आणि भेग १:८७ ची पडत नाही. माझ्या फळ्यावरची दीड मिलिमीटरची भेग म्हणजे तेरा सेंटिमीटरची चीर, तीही रुळाखाली.

फार वाईट वाटलं आज. ऑफिसमध्येही मन लागलं नाही.

२८ जानेवारी

नाशिकच्या ताईंना फोन केला. त्यांनी फोटो बघितला आणि लगेच म्हणाल्या, "अहो, माझी लाल माती आहे म्हणून मला चाललं. नर्सरीतून आणली, भुरभुरली, झालं. जांभ्याची माती अशी आक्रसत नाही. तुमची काळी तशी चालणार नाही. खाली वाळू घाला, माती फक्त वरून पावडरीसारखी लावा."

म्हणजे खाली चाळलेली बारीक वाळू आणि फरशीच्या सांध्यात भरतात ते काळं ग्राउट, त्याचा घट्ट थर. तो वाळला की त्यावर वस्त्रगाळ काळ्या मातीची नुसती धूळ. रंग मातीचा, अंग वाळूचं. मी तासभर ऐकत आणि लिहून घेत होतो. मग सगळी माती ओली करून चमच्याने खरवडून काढली. रूळही उचलला. ४ तारखेच्या जोडापर्यंत मागे आलो.

८ फेब्रुवारी

रूळ परत बसला. वाळूचा थर सहा दिवस वाळवला, एक भेग नाही.

मधल्या दिवसांत मालडब्याचं काम केलं. बारशी लाईटचे मालडबे एकाच मापाच्या सांगाड्यावर बांधलेले असायचे, २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद. माझ्याकडे ८७.६ बाय २४.५ मिलिमीटर. अर्ध्या मिलिमीटरच्या प्लास्टिक पत्र्यातून कापला. वजन इतकं कमी भरलं की पंख्याच्या वाऱ्याने डबा हलायचा. आत एक रुपयाची नाणी ठेवली. नाणं २२ मिलिमीटरचं, रुंदीत नेमकं बसतं आणि लांबीत तीन मावतात. अकरा ग्रॅम वाढले. डबा आता रुळाला धरून चालतो.

आज आईला खोलीत आणलं. ती सहसा येत नाही, फेव्हिकॉलच्या वासाने तिचं डोकं दुखतं. खुर्ची फळ्याच्या उंचीला लावून दिली. बराच वेळ बघत होती. मग हॉल्टवर बोट ठेवून म्हणाली, "हे काय बांधलंयस?"

"प्लॅटफॉर्म आहे, आई."

"कुठला प्लॅटफॉर्म? आम्ही चढायचो तिथे जमीनच होती. पायरी एवढी वर असायची की पोरीबाळींना कुणीतरी काखेत हात घालून वर टाकायचं. पंढरीच्या दिवसांत तर खिडकीतून घ्यायचे."

तो प्लॅटफॉर्म मी डिसेंबरात दोन आठवडे बनवला होता. दगडांच्या फटी एकेक करून कोरल्या होत्या. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात पहिल्यांदा गेलो, तेव्हापासून मला स्टेशन म्हटलं की नीटनेटका प्लॅटफॉर्मच दिसतो. इतक्या वर्षांत आईला विचारावं हे सुचलं नाही. फोटो शोधले, नकाशे शोधले, पुस्तकं मागवली, आणि जी या गाडीत चढली होती ती शेजारच्या खोलीत पोथी वाचत होती.

रात्री प्लॅटफॉर्म काढला. पातळ करवतीने सोडवला, तुटला नाही. काकांना विचारीन, त्यांच्या घाटात दगडी भिंतीला उपयोगी पडेल.

१५ फेब्रुवारी

प्लॅटफॉर्मच्या जागी आता सपाट जमीन आहे. त्यावर मातीची धूळ, पायवाटेपुरती थोडी फिकट. बाभळीचं एक झाड, नाशिकहून कुरिअरने आलेलं. ताईंनी त्यांच्या दोनशे चाळिसांतून दिलं नाही, माझ्यासाठी वेगळं केलं, वरून चपटं आणि पानं विरळ. शाळूची पहिली ओळ लावली, ताटं अठरा, सगळी २४ मिलिमीटर.

आठ चाकांचं इंजिन अजून कागदावर आहे, म्हणून ९ मिलिमीटरवरचं एक छोटं जर्मन इंजिन लावून नाण्यांचा डबा मागे जोडला. आईला पुन्हा बोलावलं. जोड पार झाला, नवी जमीन पार झाली, मागची लाईन पार करून गाडी परत हॉल्टवर आली. डबा उतरला नाही.

"एवढी पळायची नाही ती," आई म्हणाली. "हळू कर."

कंट्रोलरचा खटका मागे घेतला. "अजून."

अजून मागे घेतला तर इंजिन थांबलं, रुळावर मातीची धूळ होती. स्पिरिटच्या बोळ्याने रूळ पुसले आणि पुन्हा सोडलं. तिसऱ्या फेरीला ती म्हणाली, "हं, अशी."

घड्याळ लावलं. एक फेरी ५८ सेकंद. माझी लाईन २ मीटर ६५ सेंटिमीटर, म्हणजे खरी २३० मीटर. ताशी चौदा किलोमीटर. कंट्रोलरवर त्या जागी पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ मारून ठेवलीय.